उष्णता भिंतीवर दिसते, ती मुलांना पाहू द्या : रसायनशास्त्र अध्ययन मंडळाला खुलं पत्र

प्रति,
रसायनशास्त्र अध्ययन मंडळाचे सन्माननीय सदस्य,
आणि इंदूरच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवणारे माझे सर्व सहकारी,

सप्रेम नमस्कार.

या विषयावरचा रीतसर अर्ज मी हिंदीत दिला आहे. त्या दीड पानात जे मावलं नाही, ते इथे मराठीत लिहिते आहे. आपल्यापैकी बरेच जण स्टाफरूममध्ये हिंदी आणि घरी मराठी बोलतात. मनातलं सांगायचं तर मलाही घरचीच भाषा जवळची वाटते.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मनात शंका राहणार नाही. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला भौतिक रसायनाच्या प्रात्यक्षिकांत उष्णतामापनाचा एक प्रयोग लेसर वापरून करायची मुभा द्या. थर्मासचा जुना प्रयोग काढू नका, त्याला पर्याय म्हणून हा ठेवा. ज्या कॉलेजची तयारी असेल ते करील, बाकीचे जुनाच चालू ठेवतील.

ही मागणी माझ्या मनात कशी आली ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात मी एक्स्टर्नल म्हणून गेले होते. एका मुलीला उदासिनीकरण उष्णतेचा प्रयोग आला होता. १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर, तितकंच १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, थर्मास, तापमापी. तिच्या उत्तरपत्रिकेत सुरुवातीचं तापमान २६.४, शेवटचं ३३.२, आणि उत्तर मोलमागे ५६.८ किलोजूल. अक्षर सुंदर, आलेख रेखीव. मी सहज म्हणून टेबलावरची तापमापी उचलून उजेडात धरली. पाऱ्याचा धागा मध्येच तुटलेला होता. वरचा तुकडा ४० च्या पुढे अडकून बसला होता. त्या तापमापीवर कुठलंच तापमान वाचता येणं शक्य नव्हतं.

मी काही बोलले नाही, नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मॅडम, उत्तर पहले लिखते हैं, टेम्परेचर बाद में।"

तिने लबाडी केली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. उत्तर ५७ च्या आसपास येतं हे पुस्तकात छापलेलं असतं. १०० ग्रॅम पाणी, ४.१८ ने गुणलं, ०.०५ मोलने भागलं की तापमान ६.८ अंशांनी वाढायला हवं, हे कुणीही उलटं गणित करून काढू शकतो. खरा प्रयोग नीट केला तर मात्र इतकी वाढ मिळत नाही. थर्मासची काच, ढवळणी, तापमापी हे सगळे थोडी थोडी उष्णता खातात. म्हणूनच तर कॅलरीमीटरचा जलतुल्यांक, म्हणजे तो किती पाण्याइतकी उष्णता खातो तो आकडा, आधी काढायचा असतो. ज्या मुलीने खरोखर मोजलं आणि ६.२ लिहिलं, तिला वाटतं आपलं चुकलं. जिने मोजलंच नाही तिचं उत्तर बरोबर येतं. आणि हे वर्षानुवर्षं असंच चाललं आहे. मी स्वतः विद्यार्थिनी असताना हेच केलं आहे, म्हणून ठामपणे लिहिते आहे.

मला वाटतं या प्रयोगाचं दुखणं दुहेरी आहे. एक म्हणजे उत्तर आधीच माहीत असतं. दुसरं म्हणजे उष्णता दिसत नाही. ती काचेच्या नळीतल्या पाऱ्याची उंची होऊन येते, आणि उंचीचा आकडा कागदावर मनाने लिहिता येतो.

लेसरचा प्रयोग या दोन्ही गोष्टींवर उतारा आहे.

मूळ कल्पना साठ वर्षांची आहे. पहिला लेसर १९६० साली चालला. त्यानंतर चारपाच वर्षांत अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गॉर्डन, लेइते, मूर, पोर्तो आणि व्हिनरी यांनी हेलियम-निऑन लेसरच्या पोकळीतच द्रव ठेवून पाहिले. लेसरचा ठिपका काही सेकंद हळूहळू बदलत राहतो असं त्यांना दिसलं. स्वच्छ, रंगहीन वाटणारे द्रवसुद्धा किंचित प्रकाश शोषतात, तापतात, आणि त्या तापण्यामुळे द्रवातच एक भिंग तयार होतं, असा उलगडा झाला. १९६५ साली हे काम छापून आलं. आज त्याला थर्मल लेन्स म्हणतात. आपण उष्मीय भिंग म्हणू.

घडतं असं. लेसरचा झोत मध्यभागी सर्वांत तीव्र आणि कडेला विरळ असतो. तो फिकट रंगाच्या द्रावणातून गेला की मधला द्रव जास्त तापतो, कडेचा कमी. तापलेला द्रव प्रसरण पावतो, विरळ होतो, त्याचा अपवर्तनांक घटतो. म्हणजे मध्यभागी अपवर्तनांक कमी आणि कडेला जास्त. हे अंतर्वक्र भिंगच झालं. ते प्रकाश पसरवतं. समोरच्या भिंतीवरचा टपोरा ठिपका फुगतो आणि त्याचा मध्य मंदावतो. किती मंदावला हे मोजलं की द्रावणात किती उष्णता उतरली ते कळतं. लागणारा वेळ मोजला तर उष्णता द्रवातून किती वेगाने पसरते ते कळतं, आणि घनता व उष्मावाहकता तक्त्यातून घेतली की त्यावरून त्या द्रवाची उष्माधारकताही निघते. तापमापी कुठेच नाही, तरी हे पुरेपूर उष्णतामापन आहे.

संवेदनशीलता किती, याचा हिशेब मी मुलांकडून फळ्यावर करून घेते. ५ मिलिवॉटचा हिरवा झोत, द्रावणाचा शोषणांक, म्हणजे ते किती प्रकाश शोषतं ते सांगणारा आकडा, ०.१. म्हणजे पाचवा हिस्सा प्रकाश शोषला गेला, साधारण १ मिलिवॉट. एक मिनिटभर ही सगळी उष्णता क्युव्हेटमधल्या, म्हणजे छोट्या चौकोनी पारदर्शक नळीतल्या, ३ मिलिलिटर अल्कोहोलमध्ये नीट मिसळली, तर तापमान वाढेल अंशाच्या शंभराव्या भागाने. आपली तापमापी अंशाचा दहावा भाग दाखवते. म्हणजे तापमापीला ही उष्णता कळणारच नाही. पण केसाएवढ्या झोतात तीच उष्णता एकवटलेली असताना भिंतीवरचा ठिपका एका सेकंदाच्या आत फुगतो, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलालाही तो दिसतो.

आता ज्या प्रयोगासाठी हे सगळं लिहिते आहे, त्याकडे येते.

दोन क्युव्हेट घ्यायच्या. दोन्हींत आयसोप्रोपिल अल्कोहोल. एकीत जेन्शियन व्हायोलेट, म्हणजे लहानपणी तोंड आलं की आई जीभेला लावायची ते जांभळं औषध. रसायनशास्त्रात आपण त्याला क्रिस्टल व्हायोलेट म्हणतो. दुसरीत ऱ्होडामीन ६जी हा दुसरा रंग. ५३२ नॅनोमीटरवर दोघींचा शोषणांक अगदी सारखा होईपर्यंत थेंब थेंब अल्कोहोल घालत द्रावणं पातळ करायची. ऱ्होडामीन इतकं कमी लागतं की लिटरला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नको. दोन्ही क्युव्हेट सारखाच प्रकाश शोषतात हे स्पेक्ट्रोफोटोमीटरने मुलांना दाखवून झालेलं असतं. मग मी विचारते, दोघी सारख्याच तापतील ना? सगळे हो म्हणतात.

जांभळी क्युव्हेट झोतात ठेवली की ठिपका पाहता पाहता फुगतो, मधला उजेड विझत जातो आणि भोवती एक कडं उमटतं. ती काढून ऱ्होडामीनची ठेवली की ठिपका जवळजवळ होता तसाच राहतो. पण क्युव्हेटमध्ये मात्र आरपार एक पिवळसर नारिंगी रेघ पेटलेली असते.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा खोलीत कुणीच बोललं नाही. मग मागून एक मुलगा म्हणाला, "तो गर्मी गई कहाँ?" त्याच्या शेजारची मुलगी त्या रेघेकडे बोट दाखवून म्हणाली, "वहाँ।"

उष्मागतिकीचा पहिला नियम मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले. त्या दिवशी तो एका मुलीने बोटाने दाखवला. शोषलेली ऊर्जा एकतर उष्णता होऊन द्रवात उतरते, नाहीतर प्रकाश होऊन बाहेर पडते. क्रिस्टल व्हायोलेटच्या रेणूचे तीन हात पंख्याच्या पात्यांसारखे फिरू शकतात, म्हणून तो शोषलेली जवळजवळ सगळी ऊर्जा हालचालीत, म्हणजे उष्णतेत, घालवतो. ऱ्होडामीन ६जी चौकटीत बांधल्यासारखा ताठ असतो, त्यामुळे तो बहुतेक ऊर्जा प्रकाशाच्या रूपात परत देतो. इथेनॉलमध्ये त्याची प्रतिदीप्तीची क्वांटम क्षमता, म्हणजे शोषलेल्या प्रकाशकणांपैकी जेवढे प्रकाशकण परत बाहेर पडतात तो हिस्सा, ०.९५ च्या आसपास मानली जाते, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्येही ती चांगली उंच असते. बाहेर पडणारा प्रकाश सरासरी ५६० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे आत शिरलेल्या ५३२ पेक्षा थोडा कमी ऊर्जेचा. तो फरक आणि उरलेले पाच टक्के मिळून साधारण दहावा हिस्सा उष्णतेत जातो. म्हणून दोन ठिपक्यांमध्ये दहापटीच्या जवळपास फरक पडायला हवा.

आता हेच उलटं वापरा. दोन्ही क्युव्हेटच्या भिंगांची ताकद मोजा, ऱ्होडामीनचं जांभळीशी गुणोत्तर काढा, ते एकातून वजा करा, आणि ५६० भागिले ५३२ ने गुणा. आली क्वांटम क्षमता. प्रतिदीप्ती मोजणारं महागडं यंत्र नाही, कुठला प्रमाण पदार्थ नाही. जी ऊर्जा उष्णता झाली नाही तीच प्रकाश झाली, एवढ्या एका तत्त्वावर उत्तर मिळतं. १९७८ साली फ्लुओरेसीन या चमकणाऱ्या रंगाची क्षमता याच युक्तीने मोजली गेली होती. सत्तरच्या दशकातलं संशोधन आज आपल्या पदवीच्या टेबलावर मांडता येतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

माझ्या मुलांची उत्तरं? पहिल्या गटाचं ०.७१ आलं, दुसऱ्याचं ०.८८. दोन्ही गट भांडत माझ्याकडे आले. ०.७१ वाल्यांनी क्युव्हेट बदलताना ती दोनतीन मिलिमीटर पुढेमागे ठेवली होती असं शेवटी निघालं. झोत भिंगाने एका बिंदूत आणलेला असतो आणि त्या बिंदूच्या मागेपुढे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरमध्येच सगळा खेळ असतो, त्यामुळे जागा हलली की मोजमाप बदलतं. मग एकाने ॲक्रिलिकचा काटकोनी तुकडा पाटावर चिकटवून क्युव्हेटला घर करून दिलं. पुढच्या शनिवारी ०.९० आलं. इथे कुणी उत्तर आधी लिहिलं नव्हतं. आधी लिहिणार तरी काय? ०.९५ हा आकडा मी त्यांना शेवटीच सांगितला.

मांडणीबद्दल आता थोडं. हे लिहायलाच हवं, कारण "लेसर" म्हटलं की लाखांच्या यंत्राचं चित्र डोळ्यांसमोर येतं.

हिरव्या रंगाचं ५ मिलिवॉटचं लेसर मॉड्यूल, १५ सेंटीमीटर नाभीय अंतराचं भिंग, क्युव्हेट, तीन मीटरवर पांढरी भिंत. भिंतीच्या जागी काळा पुठ्ठा लावला, त्याला मध्यभागी सुईने भोक पाडलं आणि मागे प्रकाश टिपणारा एक फोटोडायोड बसवला, की मध्याची तीव्रता व्होल्टेजमध्ये मिळते. भिंग आमच्या भौतिकशास्त्र विभागातच पडून होतं. फोटोडायोड, तारा, मायक्रोकंट्रोलर बोर्ड जेल रोडवरून आणलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलही तिथेच मिळतं, मोबाइल दुरुस्त करणारे बोर्ड धुवायला तेच वापरतात. लाकडी पाट सियागंजातून. क्युव्हेट आमच्याकडे होत्याच. सगळं मिळून तीन हजार रुपयांच्या आत बसलं.

झटकन उघडणारं शटर हवं होतं, कारण हे भिंग तयार व्हायला लागणारा वेळ सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढा असतो. विकतचं शटर परवडणारं नव्हतं. तेव्हा आमच्या लॅब अटेंडंटनी युक्ती काढली. दोन खिळ्यांच्या खाचेतून पुठ्ठ्याचा तुकडा वरून सोडायचा. ५ सेंटीमीटर पडेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला जवळपास १ मीटर होतो, त्यामुळे १ मिलिमीटर जाडीचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागात मोकळा होतो. विद्युतमोटर नाही, सर्किट नाही. गुरुत्वाकर्षण फुकट आहे आणि रोज सारखंच आहे.

ज्यांना एवढंही करायचं नसेल त्यांनी मोबाइल घ्यावा. सेकंदाला २४० चित्रं घेणारा कॅमेरा आता बऱ्याच मुलांच्या खिशात असतो. एक्स्पोजर बांधून ठेवलं, की चित्रामागून चित्र ठिपक्याचा मध्य किती मंदावला ते मोजता येतं.

माझ्या चुकाही सांगते, म्हणजे तुमचे शनिवार वाचतील. सुरुवातीला मी द्रावणं पाण्यात केली. दोन आठवडे आम्ही भिंतीकडे बघत बसलो, ठिपका हलेना. मग तक्ता काढून पाहिला. पाण्याची उष्मावाहकता अल्कोहोलच्या जवळपास चौपट, म्हणजे उष्णता साठण्याआधीच पसरून जाते. शिवाय तापवल्यावर पाण्याचा अपवर्तनांक अल्कोहोलच्या मानाने चौथ्या हिश्शानेच बदलतो. चार गुणिले चार, सोळापट कमी परिणाम. त्या दोन आठवड्यांनी मुलांना पाण्याचे हायड्रोजन बंध जितके शिकवले तितके माझ्या व्याख्यानाने शिकवले नव्हते. दुसरी चूक, फोटोडायोडऐवजी स्वस्तातला एलडीआर, म्हणजे प्रकाशाप्रमाणे विद्युतरोध बदलणारा तुकडा, लावला. तो स्वतःच इतका संथ प्रतिसाद देतो की आम्ही भिंगाचा वेळ मोजतोय समजून त्याचाच वेळ मोजत होतो. आणि झोत जास्त वेळ चालू ठेवला तर गरम द्रव वर चढू लागतो, ठिपक्याचा वरचा भाग दबून चपटा होतो. पहिल्या अर्ध्या सेकंदातच मोजून घ्यायचं. नंतर मात्र मुद्दाम तसंच चालू ठेवून मुलांना ते चपटणं दाखवायचं. अभिसरण शिकवायला त्याहून चांगली आकृती मी पाहिली नाही.

आता सुरक्षिततेबद्दल. इथे मी मंडळाकडे सवलत मागत नाही, उलट अट घालायला सांगते. १ मिलिवॉटपर्यंतच्या लेसरपासून पापणी मिटण्याची सहजक्रिया डोळ्याला बहुतांशी वाचवते. ५ मिलिवॉटला तो भरवसा नाही. आणि बाजारात मिळणाऱ्या पॉइंटरवर ५ लिहिलेलं असतं म्हणून ते ५ असतंच असं नाही. मी आणलेला पहिला पॉइंटर भौतिकशास्त्र विभागाच्या पॉवर मीटरवर लेबलाच्या कितीतरी पट निघाला. तो त्याच दिवशी कुलपात गेला. दुसरा धोका त्याहून वाईट, कारण तो दिसत नाही. हिरवा पॉइंटर आतून अवरक्त लेसर असतो. ८०८ नॅनोमीटरच्या डायोडने १०६४ ची किरणं तयार होतात आणि एक स्फटिक त्यांची अर्धी लांबी करून ५३२ चा हिरवा प्रकाश देतो. स्वस्त मालात अवरक्त अडवणारी गाळणी बसवलेलीच नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली तपासलेल्या एका पॉइंटरमधून हिरव्यापेक्षा अवरक्त प्रकाश जास्त बाहेर पडत होता. त्या प्रकाशाने पापणी मिटत नाही.

म्हणून माझ्या लॅबमध्ये हे नियम आहेत आणि ते सर्वांना असावेत. गाळणी असलेलं, शक्ती मोजून खात्री केलेलं मॉड्यूलच वापरायचं, हातातला पॉइंटर नाही. मॉड्यूल पाटावर स्क्रूने घट्ट, झोत कमरेच्या उंचीवर आडवा, शेवटी मॅट काळा पुठ्ठा. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवायच्या. झोत चालू असताना कुणीही खाली वाकून पेन उचलायचं नाही, कारण वाकताना डोळे नेमके झोताच्या उंचीला येतात. क्युव्हेट बदलताना पुठ्ठा आड. एका वेळी एकच गट. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, तेव्हा त्या टेबलावर बर्नर नाही. ऱ्होडामीन हाताळताना हातमोजे. हे सगळं मुलांना पाठ होतं, कारण कारणं सांगितलेली असतात. संहत सल्फ्युरिक आम्लाची बाटली आपण दुसऱ्या वर्षाच्या मुलाच्या हातात देतोच ना? तिथेही शिस्त आणि देखरेख यांच्यावरच भरवसा ठेवतो.

काही आक्षेप मी ऐकले आहेत. सर्वांत जास्त टोचलेला एक सांगते. ज्या कॉलेजात मी आधी होते तिथे खरेदीचा कागद परत आला, शेरा होता की लेसर ही भौतिकशास्त्राची वस्तू आहे, रसायनशास्त्राच्या निधीतून घेता येत नाही. सहा महिने तो कागद तीन टेबलांवर फिरला. शेवटी मी स्वतःच्या पैशांनी आणलं. पैशांचं दुःख नाही. पण ज्वलनाची उष्णता मोजणाऱ्या बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये विजेने तार पेटवतो म्हणून तो कुणी विद्युत विभागाचा म्हणत नाही. १७८३ च्या सुमारास लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाच्या कॅलरीमीटरमध्ये गिनिपिग ठेवून त्याच्या श्वासाची उष्णता मोजली, तेव्हा एक रसायनज्ञ होता आणि दुसरा गणिती. उष्णता मोजायची असेल तर विभागांच्या भिंती ओलांडाव्याच लागतात, आणि ते आपल्या विषयाला नवीन नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. तीन तासांच्या एका प्रात्यक्षिकात हे बसतं, पहिल्यांदा मांडणी जुळवून ठेवली की. तिसरा, परीक्षेत गुण कसे द्यायचे? उत्तराला कमी गुण आणि नोंदवहीला जास्त द्या. कच्च्या नोंदी, खाडाखोडीसकट, त्याच दिवशी सही केलेल्या. जिचं ०.७१ आलं आणि जिने ते का आलं हे शोधून लिहिलं, तिला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. हा बदल थर्मासच्या प्रयोगालाही करता येईल, त्यासाठी लेसरची वाट पाहायची गरज नाही.

ज्यांना अजिबात लेसर नको असेल त्यांच्यासाठी पहिल्या वर्षाला एक छोटी गोष्ट सुचवते. परीक्षानळी आतून मेणबत्तीच्या काजळीने काळी करा, तोंडाशी बुचात छोटा मायक्रोफोन बसवा आणि बाहेरून एलईडीचा प्रकाश सेकंदाला काहीशे वेळा उघडझाप करत टाका. नळी गुणगुणते. काजळी तापते, तिच्याजवळची हवा फुगते, आक्रसते, आणि आवाज होतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८० साली प्रकाशाच्या उघडझापीतून असाच आवाज ऐकला होता. याच तत्त्वावर पुढे स्पंद लेसर वापरून क्षणभंगुर मूलकांच्या, म्हणजे बंध तुटून उरलेल्या रेणूंच्या तुकड्यांच्या, बंधऊर्जा मोजल्या गेल्या, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगता येईल.

हे सगळं इंदूरहून लिहिताना मला एक गोष्ट राहून राहून जाणवते. राजेंद्रनगरच्या पलीकडे कॅट, म्हणजे प्रगत तंत्रज्ञान केंद्र, आहे. १९८४ साली तिची पायाभरणी झाली, पुढे राजा रामण्णांचं नाव लागलं, तरी आपण सगळे अजून कॅटच म्हणतो. लेसर बनवणं आणि लेसरवर संशोधन करणं हे त्या संस्थेच्या मुख्य कामांपैकी एक. इंडस-२ या कणत्वरकात तिथे २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरतात. आमच्या कॉलेजातली मुलं रोज त्या बाजूच्या बसने येतात. काहींचे वडील तिथे नोकरीला आहेत. आणि त्याच मुलांनी पदवीच्या तीन वर्षांत लेसरचा झोत एकदाही स्वतःच्या हाताने द्रावणातून पाठवलेला नसतो.

तेव्हा माझी विनंती अशी. तिसऱ्या वर्षाच्या प्रयोगांच्या यादीत "उष्मीय भिंगाने प्रतिदीप्तीच्या क्वांटम क्षमतेचं मापन" हा पर्याय घाला. सोबत वर लिहिलेल्या सुरक्षा अटी छापा, नुसत्या सूचना म्हणून नव्हे, बंधन म्हणून. रसायनशास्त्राच्या निधीतून लेसर मॉड्यूल आणि फोटोडायोड घेता येतील असं एका ओळीत स्पष्ट करा, म्हणजे पुढच्या शिक्षिकेचा कागद तीन टेबलांवर फिरणार नाही. आणि पहिल्या वर्षी इंदूरच्या शिक्षकांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवा, भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन. मांडणी मी आणून देईन, आमचे लॅब अटेंडंट खाचेतला पुठ्ठा कसा सोडायचा ते दाखवतील.

निर्णय घेण्याआधी एकदा पाहायला या. शनिवारी दुपारी ३ नंतर आमची लॅब रिकामी असते, पडदे ओढले की पुरेसा अंधार होतो. येताना तुमच्या आवडीचं एखादं रंगीत द्रावण अल्कोहोलमध्ये करून आणा. मी त्याचा शोषणांक मोजेन. त्यातली किती उष्णता होते आणि किती प्रकाश, ते आपण सगळे मिळून भिंतीवर पाहू.

आपली,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका
रामबाग, इंदूर